हांगझोऊची दोन सुवर्णं आणि दुसऱ्या सत्रातली गळती (आशियाई कबड्डी, जरा तांत्रिक चर्चा)

निदानरेषा:

७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीची दोन्ही सुवर्णं आली. महिलांचं सुवर्ण हे भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक, पुढे एकूण १०७ झाली. पेढे वाटून झाले, स्टेटस लावून झाले. आता २०२६ ची आइची-नागोया तोंडावर आहे, म्हणून दोन अंतिम सामन्यांचे आकडे शेजारीशेजारी मांडतो.

महिला: मध्यंतराला भारत १४, चायनीज तैपेई ९. शेवट २६-२५. म्हणजे दुसरं सत्र आपण १२-१६ असं गमावलं.

पुरुष: मध्यंतराला भारत १७, इराण १३. शेवटच्या मिनिटाच्या तोंडावर २८-२८. म्हणजे त्या क्षणापर्यंत दुसरं सत्र ११-१५.

दोन वेगळे संघ, दोन वेगळे प्रतिस्पर्धी, आणि दोन्हीकडे नेमकी चार गुणांची गळती. महिलांची आघाडी पाचाची होती म्हणून एका गुणाने निभावलं. पुरुषांची चाराची होती, ती पूर्ण संपली आणि मग तो लॉबीचा (मैदानाच्या कडेच्या पट्टीचा) घोळ झाला.

त्याआधीचे पुरुषांचे सामने बघा: बांगलादेश ५५-१८, थायलंड ६३-२६, चायनीज तैपेई ५०-२७, जपान ५६-३०, उपांत्य फेरीत पाकिस्तान ६१-१४. अंतिम फेरीपर्यंत एकदाही घड्याळाकडे बघायची वेळ आली नाही. महिलांना निदान पहिल्याच सामन्यात तैपेईने ३४-३४ असं रोखून भानावर आणलं होतं.

माझा प्रश्न साधा आहे. आघाडी मिळाल्यावर आपण नेमकं काय करतो की ती वितळते? 'मानसिक दबाव' हे उत्तर नको. मॅटवर काय घडतं ते सांगा.

करीरोडचा_उजवा_कोपरा:

तिसरी चढाई. बाकी सगळं नंतर.

आघाडीवर असलेला संघ काय करतो? पहिली चढाई रिकामी, निदान रेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती) ओलांडून परत. दुसरीही तशीच. वेळ गेला म्हणून बाकावर टाळ्या. मग तिसरी 'करो या मरो', आणि तिला पाठवायचा कोण? संघाचा हुकमी चढाईपटू. समोरच्याला तीस सेकंद आधीच माहीत असतं की हा स्पर्श किंवा बोनस (बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण) घेतल्याशिवाय परतू शकत नाही. रिकामा आला तरी बाद. त्यामुळे बचाव पुढे सरकतच नाही. दोन्ही कोपरे (कडेचे बचावपटू) खोल उभे राहतात, मधले दोघे आमिष दाखवतात, आणि विसाव्या सेकंदानंतर चढाईपटू स्वतःहून त्यांच्या हातात जातो.

हिशोब करा. सत्र २० मिनिटांचं, चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली तर एका संघाच्या वाट्याला वीसच. त्या वीसही रिकामी-रिकामी-तिसरी अशा खेळल्या, तर गुण मिळवायची संधी फक्त सहा चढायांना. त्यातल्या निम्म्या फसल्या तर तीन गुण मिळाले, तीन दिले, वर हुकमी खेळाडू तीनदा बाहेर बसला. समोरचा संघ मात्र पिछाडीवर असल्याने पहिल्या चढाईपासून गुणासाठीच येतो.

प्रत्यक्षात चढाया लवकर संपतात, संख्या वाढते, पण प्रमाण तेच राहतं.

तिसरी_घंटा:

एवढं सरळ नाही हो. फिटनेसचं काय? चाळीस मिनिटांत शेवटच्या दहा मिनिटांत मांड्या भरून येतात, बचावपटूंची हात धरून केलेली साखळी उशिरा बांधली जाते. त्यात तिसऱ्या चढाईचा काय संबंध?

करीरोडचा_उजवा_कोपरा:

आहे संबंध. रिकाम्या चढाईतही पाय चालतातच. वर आपण तीस सेकंद काढतो तेव्हा समोरचे सात जण उभ्याउभ्या दम घेतात. दमायला हवं त्यांनी, दमतो आपला एकटा.

दुसरं, तिसरी चढाई दुय्यम चढाईपटूला द्यायचं धाडस हवं. हुकमी माणसाने दुसऱ्या चढाईला जावं, कारण तेव्हा त्याला रिकामं परतायची मुभा असते आणि बचावाला ते नक्की ठाऊक नसतं. आपला हांगझोऊचा कर्णधार पवन सेहरावत, तसल्याचा धाक दुसऱ्या चढाईला जास्त. तिसरीला समोर सहा किंवा सात जण असतील तर बोनस चांगला घेणारा पोरगा पाठवा. पाच किंवा कमी असतील तर बोनस नाहीच, तिथे हात किंवा पाय लांब असणारा. आणि समोर तीनच उरलेत आणि आपली तिसरी चढाई आली, म्हणजे नियोजन आधीच चुकलंय. पकड झाली तर अव्वल पकडीचे (तीन किंवा कमी बचावपटूंनी केलेल्या पकडीचे) दोन गुण जातात.

पंचगिरी:

त्या अव्वल पकडीतलं एक बारीक कलम बऱ्याच पोरांना माहीत नसतं. दोन गुण मिळतात, पण बाद झालेल्यांपैकी आत एकच खेळाडू येतो. जादा गुणावर माणूस उठत नाही. बोनसवरही नाही. त्यामुळे तीन जणांवर अडकलेला संघ लागोपाठ दोन अव्वल पकडी करतो तेव्हा फलकावर चार गुण, आणि दुसऱ्या पकडीच्या वेळीही तो तीन किंवा कमी जणांवर हवा. म्हणून हुशार बचाव कधीकधी मुद्दाम तीनवरच खेळतो. स्वतःच्या चढाईत स्पर्श घेऊन माणूस उठवायची घाई करत नाही.

याला उतारा एकच, लोण लवकर चढवा, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद करा. समोर एक उरला असताना त्याला शिवलं तर एक अधिक लोणाचे दोन, असे तीन. तीनवरून एकावर आणण्यात वेळ गेला की आघाडी गेली.

निदानरेषा:

काका, आलाच आहात तर लॉबीचं एकदा नीट सांगा. त्यावर इतकी भांडणं झाली, पण नियम काय होता ते कोणी सांगतच नाही.

पंचगिरी:

सांगतो, जरा लांबेल.

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. त्या दहा मीटरमध्ये दोन्ही कडांना एकेक मीटरची लॉबी आहे, म्हणजे झटापट नसताना खेळायची रुंदी आठच मीटर. स्पर्श झाला किंवा झटापट सुरू झाली की लॉबी खेळात येते. त्याआधी लॉबीत पाय टाकणारा चढाईपटू बाद. इथपर्यंत कोणाचा वाद नाही.

वाद पुढच्या अर्ध्या सेकंदाचा आहे. चढाईपटू कोणाला न शिवता लॉबीत गेला आणि त्याच्या मागोमाग बचावपटूही स्पर्श न करता लॉबीत गेले, तर? एक वाचन असं की सीमा सोडली तो प्रत्येक जण बाद, चढाईपटूही आणि मागे गेलेले बचावपटूही. दुसरं वाचन असं की चढाईपटूचा पाय बाहेर पडला त्याच क्षणी चढाई संपली, त्यानंतर कोण कुठे गेलं याला अर्थ नाही. प्रो कबड्डीत (आपल्याकडच्या व्यावसायिक लीगमध्ये) हे दुसरं वाचन चालत होतं. आंतरराष्ट्रीय नियमपुस्तिकेचा अर्थ पहिल्या बाजूने लावला गेला.

२८-२८ असताना पवनच्या 'करो या मरो' चढाईत नेमकं हेच घडलं. तो बाहेर, मागे इराणचे बचावपटू. एका वाचनात इराणला एक गुण आणि भारताला शून्य. दुसऱ्या वाचनात इराणला एक, आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक बचावपटूमागे भारताला एक. शेवटच्या मिनिटात एवढा फरक म्हणजे सुवर्णाचाच निकाल. निर्णय फिरला, पुन्हा फिरला, दोन्ही संघ मॅटवर बसले, सामना तासाभराच्या आसपास थांबला. शेवटी ३३-२९.

माझं मत विचाराल तर दोष खेळाडूंचा नाही. तेच पवन, इराणचे तेच फझल अत्राचली, तेच शादलुई वर्षातले काही महिने एका नियमाने खेळतात आणि चार वर्षांतून एकदा पंधरा दिवस दुसऱ्या नियमाने. पाय सवयीने धावतात, नियमपुस्तिका वाचून नाही. त्या सामन्यानंतर दोनच दिवसांनी मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव सुरू झाला. तिथे पवनला २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले आणि शादलुई २ कोटी ३५ लाखांना पुणेरी पलटणकडे गेला. आदल्या आठवड्यात एकमेकांच्या अंगावर, डिसेंबरपासून एकाच नियमाखाली.

वडाळा_नाका:

म्हणजे सुवर्ण घोळावर मिळालं असं म्हणायचंय का?

पंचगिरी:

अजिबात नाही. जो नियम लागू होता त्याने मिळालं. मी म्हणतोय की २८-२८ ला वाद होतो, ३३-२४ ला होत नाही.

कोपऱ्यावर खेळणाऱ्यांसाठी व्यवहारातली गोष्ट: चढाईपटू कडेने पळतो तेव्हा बाहेरचा पाय लॉबीच्या रेषेच्या आत एक वीत रोखायचा आणि फक्त हात लांबवायचा. मांडी पकडायला अंग झोकलं की मागचा पाय फिरतो आणि रेषेपलीकडे जातो. सरावात रेषेवर चुन्याची फक्की टाका. पाय पांढरा झाला की वाद उरत नाही.

मॅटवाला:

चुना मॅटवर नको काका! भेगांत जातो, ओला झाला की घसरतं. मातीवर ठीक आहे. मॅटवर खडू घासा, नंतर ओल्या फडक्याने निघतो.

लॉबीवरून एक मुद्दा, जो मुंबईत सर्रास दिसतो. मुलींचं मैदान १२ बाय ८. बहुतेक ठिकाणी मॅट एकच असते, पुरुषांची, आणि तिच्यावर मुलींचं मैदान आत आखतात. आता मोजा. पुरुषांची खेळायची रुंदी आठ मीटर, मुलींची बाहेरची सीमाही आठ मीटर. म्हणजे पुरुषांची जी लॉबीची आतली रेषा, तीच मुलींची शेवटची सीमारेषा. मुलींची लॉबी तिच्याही आत एक मीटर. एकाच रंगाच्या टेपने दोन्ही आखलं की त्याच रेषेवर मुलाला 'आता लॉबी' असं कळायला हवं आणि मुलीला 'आता मैदान संपलं'. दोघेही मग रेषेवर विश्वास ठेवायचं सोडून अंदाजाने धावतात.

निदान आणि बोनस रेषेचं तर आणखी वाईट. मध्यरेषेपासून पुरुषांची निदान रेषा ३.७५ मीटरवर, मुलींची बोनस रेषा ४ मीटरवर. दोन रेषांमध्ये २५ सेंटिमीटर. त्यात टेपची रुंदी तीन ते पाच सेंटिमीटर. घाईत मुलीला पुरुषांची निदान रेषा बोनस वाटते, ती पाय टाकून परत येते, आणि पंच बोनस देत नाही. मग बाकावरून आरडाओरडा.

उपाय: मुलींच्या सगळ्या रेषा एका वेगळ्या रंगात, आणि मुलींच्या सामन्याआधी पुरुषांच्या निदान व बोनस रेषा मॅटच्या रंगाच्या टेपने झाकून टाका. दोघं जण असतील तर वीस मिनिटांचं काम आहे.

प्रभादेवी_मिडल:

मॅटवाला, मॅटचे तुकडे किती लागतात ते पण सांगा. आमच्या गल्लीत यावरून दर वर्षी मोजामोजी होते.

मॅटवाला:

एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा धरा. पुरुषांचं मैदान १३ गुणिले १०, म्हणजे १३०. पण तेवढेच लावले तर कडेचे तुकडे सरकतात, कारण झटापटीत सगळा जोर बाहेरच्या दिशेला असतो. चारी बाजूंना एकेक ओळ जास्तीची लावा: १५ गुणिले १२, म्हणजे १८०. मुलींचं स्वतंत्र मैदान ९६, कडेसह १४ गुणिले १०, म्हणजे १४०.

आता गंमत. १३ मीटर ही विषम संख्या, त्यामुळे पुरुषांची मध्यरेषा साडेसहा मीटरवर, सातव्या ओळीच्या बरोबर मधून जाते. सांध्यावर नाही. पण लॉबीच्या रेषा एक मीटरवर, म्हणजे नेमक्या सांध्यावर. आणि लॉबीपाशीच पायाचा आडवा जोर सर्वात जास्त. सांधा उघडतो, टेप उचलली जाते, बुटाचं टोक अडकतं, गुडघा पिळतो. मॅटवरच्या गुडघ्याच्या दुखापती बघा, कडेला जास्त दिसतील. मातीत पाय थोडा घसरतो म्हणून गुडघा वाचतो, मॅट पाय धरून ठेवते.

म्हणून लॉबीच्या सांध्यावर टेप लावायच्या आधी दोन्ही तुकडे रबरी हातोडीने ठोकून बसवा, फडक्याने कोरडे पुसा, मग एकाच लांब पट्टीत टेप लावा. मुंबईच्या दमट हवेत घामट मॅटवर टेप धरतच नाही. प्रत्येक सामन्यानंतर फक्त लॉबीच्या दोन रेषा तपासल्या तरी पुरे. फिनाईलने पुसू नका, गुळगुळीत होतं.

तिसरी_घंटा:

हे सगळं ज्ञान ठीक, पण राष्ट्रीय संघात मुंबईचे किती? हरियाणा, रेल्वे, सेनादल. आपण टेपच्या रंगावर चर्चा करतोय.

प्रभादेवी_मिडल:

हांगझोऊत सोनाली शिंगटे होती, मुंबईची. स्नेहल शिंदे होती. पुरुषांत अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे, दोघेही महाराष्ट्राचे. २०१८ ला रिशांक देवाडिगा आणि गिरीश एर्नाक होते. कमी आहेत, कबूल. शून्य नाहीत.

आणि तुम्ही महाराष्ट्राचं म्हणता तर २०१८ विसरू नका. जकार्तात महिलांचा अंतिम सामना आपण इराणशी २४-२७ असा हरलो, आणि त्या इराणच्या मुलींची प्रशिक्षक कोण? नाशिकच्या शैलजा जैन.

निदानरेषा:

हे लोक सोयीने विसरतात. १९९० ला बीजिंगमध्ये कबड्डी आशियाई स्पर्धेत आली, तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णं आपली. पण २०१४ च्या इंचिऑनच्या अंतिम सामन्याचा निकाल २७-२५ होता, समोर इराणच. घंटा तेव्हाच वाजली होती. २०१८ ला साखळी फेरीत दक्षिण कोरियाकडून २३-२४, आणि उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७. कांस्य घेऊन परत. अठरा गुण म्हणजे चाळीस मिनिटांत आपली चढाई बंद पडली होती.

इराणची ताकद कुस्तीतून येते असं सगळे म्हणतात. ते खरं असलं तरी अर्धंच. त्यांचा कोपरा घोटा धरतो आणि शेजारचा त्याच क्षणी धडकतो. दोघांत अंतर राहत नाही. आपला कोपरा एकटाच सूर मारतो आणि बाकीचे 'मिळाली का' म्हणून बघत उभे राहतात.

वडाळा_नाका:

मदत उशिरा येते हे शंभर टक्के. त्यात भर म्हणजे आपल्या स्थानिक स्पर्धांचं वेळापत्रक. संघ भरमसाट, रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा, म्हणून संयोजक सत्रं आखूड करतात. ज्या पोराने आयुष्यभर आखूड सत्रं खेळली, त्याला तेहतिसाव्या मिनिटाला साखळी कशी धरायची हे कळणार कसं? हे हरियाणातही होत असेलच, मुंबईची मक्तेदारी नाही.

संयोजकांनी निदान उपांत्य फेरीपासून तरी पूर्ण २०-५-२० खेळवावं. एक दिवस वाढवा, संघ कमी घ्या. बक्षिसाची दुचाकी एक कमी द्या हवं तर.

करीरोडचा_उजवा_कोपरा:

दुचाकीला हात लावू नका, संघच येणार नाहीत 😀

सरावात शेवटच्या मिनिटाचा घोटवणारा प्रकार देतो, वेळ लागत नाही. फलक २८-२८. दोन्हीकडे पाच-पाच. घड्याळ ६५ सेकंद, सगळ्यांना दिसेल असं. पूर्ण वेळ वापरली तर दोन चढाया साठ सेकंद घेतात, पाच सेकंद उरतात, आणि त्या पाचांत तिसरी सुरू झाली की ती पूर्ण होऊ देतात, वेळ संपली तरी. म्हणजे जो संघ आधी चढाई करतो त्याला दोन संधी, दुसऱ्याला एक. हे पोरांना बोटांवर मोजून दाखवा. बहुतेकांना उलटं वाटत असतं.

मग दहा वेळा खेळवा, पाच वेळा एका बाजूने सुरुवात, पाच वेळा दुसऱ्या. दोन वेळा पहिलीच चढाई 'तिसरी' आहे असं जाहीर करा. बिघाड दोन जागी होतो. चढाईपटू मान वळवून घड्याळ बघतो, त्याच क्षणी कोपरा घोटा धरतो. म्हणून वेळ बाकावरून एकानेच ओरडायची: 'वीस', 'दहा', 'पाच'. दोघे ओरडले की गोंधळ. आणि बचाव पुढे असताना सूर मारतो. एका गुणाने पुढे असलात तर चढाईपटूला रिकामा जाऊ द्या, मागे सरका, बोनस रेषा तेवढी झाका. पाच जणांवर तर तीही झाकायची गरज नाही.

टाइमआउट राखून ठेवा. एका सत्रात दोन, तीस-तीस सेकंदांचे. पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही उडवणारे प्रशिक्षक बघितलेत.

पंचगिरी:

त्यात एक भर घाला. एकदा प्रो कबड्डीच्या लॉबी नियमाने खेळवा, एकदा आंतरराष्ट्रीय नियमाने, आणि कोणत्या नियमाने चाललंय ते आधी मोठ्याने सांगा. नागोयाला कुठला अर्थ लावतील ते संघ व्यवस्थापकाने तांत्रिक बैठकीत लेखी विचारून घ्यावं. सामना सुरू झाल्यावर विचारलं की तास जातो.

प्रभादेवी_मिडल:

मॅटवाला, एक राहिलं. मुलींच्या रेषेला वेगळा रंग म्हणालात. मॅट निळी-लाल आहे, पुरुषांच्या रेषा पांढऱ्या. मग पिवळी घेऊ का?

मॅटवाला:

पिवळीच घ्या. हिरवी दिव्यात निळ्यावर दिसत नाही. रुंदी पाच नको, तीन सेंटिमीटरची घ्या, नाहीतर त्या पंचवीस सेंटिमीटरच्या फटीत पाय ठेवायलाही जागा उरत नाही.